बिद्दप्पाभावजींचा नारळ

३ सप्टेंबर १९९४, शनिवार. पाऊस सकाळी नऊपर्यंत, मग उघडीप. सव्वानऊला बंदुकीची पूजा. कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे, एकशे दहा, डुकराचं मटण सात किलो, दोन्ही संपलं. अकरा वाजता मैदानावर नारळ. आमच्या घरून माणसं सहा गेली आणि कुत्री पाच. कुत्र्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

कुत्री का आली हे सांगायचं तर आधी बिद्दप्पाभावजींबद्दल सांगायला हवं. ते माझे धाकटे दीर. आमच्या कोडगूत, म्हणजे कूर्गात, दर तिसऱ्या घरातून एक कर्नल निघतो. आमच्या घरातून सैन्याच्या कोठारातला हवालदार निघाला. बावीस वर्षं त्यांनी ब्लँकेटं आणि बूट वाटले आणि निवृत्त होऊन आल्यावर गावाला नेमबाजी शिकवायला घेतली.

घरात माझ्या सासऱ्यांची एक थ्री-नॉट-थ्री आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यानं मोडीत काढलेली, दर गोळीनंतर हातानं बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायची. नळीखाली जवळजवळ टोकापर्यंत अक्रोडाचं लाकूड, दस्त्यावर सासऱ्यांनी चाकूनं कोरलेली आद्याक्षरं. कैलपोळ्दूला, म्हणजे आमच्या शस्त्रपूजेच्या सणाला, उंच झाडावर बांधलेला नारळ त्याच बंदुकीनं पाडायचा, ही घराची रीत. माझे यजमान बंदूक फडक्यानं पुसत, मैदानावर नेत आणि वर्षाआड तरी नारळ घेऊन येत. त्यांनी तिच्यात कधी सुधारणा केली नाही.

१९८९च्या नोव्हेंबरात ते गेले. बंदूक भावजींकडे आली आणि सुधारणा सुरू झाल्या.

पहिली सुधारणा माझ्या डायरीत ५ जानेवारी १९९० ला आहे: ‘भावजींनी बंदुकीसाठी पुढच्या खोलीत काचेचं कपाट करून घेतलं, आत लाल मखमल. स्वयंपाकघरातल्या रिकाम्या खुंटीला चाळणी टांगली.’ त्यानंतर एप्रिलचा सगळा महिना ते नळीला दिव्याची काजळी फासत, ती लाकडात बसवत, परत काढत आणि काळा डाग उमटेल तिथलं लाकूड खरवडत. नळी कुठं टेकते आणि कुठं टेकत नाही यावर सगळा नेम अवलंबून असतो म्हणे. एका इंग्रजी पुस्तकात तसं लिहिलेलं होतं.

माझी धाकटी जाऊ देचव्वा एकदा म्हणाली, “लाकूड खरवडताच आहात तर स्वयंपाकघराचं दारही खरवडा. जूनमध्ये फुगतं ते दिवाळीपर्यंत लागत नाही.”

“दाराचं काय घेऊन बसलीस? इथं इंचाच्या हजाराव्या भागाचा प्रश्न आहे.”

“दार दोन इंच उघडं राहतं. त्यात तुमचे किती हजारावे भाग बसतात ते मोजा, आणि मग कुत्र्यांना सांगा.”

दुसऱ्या वर्षी नळीखाली बुचाचे तुकडे बसले. त्या आठवड्याची माझी नोंद: ‘आवळ्याच्या वाइनच्या तीन बाटल्यांची बुचं नाहीत.’ वाइनचा सिरका झाला. तिसऱ्या वर्षी देचव्वाची टूथपेस्ट लावून चाप गुळगुळीत झाला. चौथ्या वर्षी विराजपेटच्या मोटार मेकॅनिकनं पितळी स्क्रूच्या गोल डोक्याला घासायची पेस्ट लावून नळीचं तोंड घासून दिलं. शेजारी म्हणाले, एवढी काळजी घेतली असती तर एखादी मुलगी डॉक्टर झाली असती.

आणि खरं सांगायचं तर बंदूक सुधारलीही होती. दर एप्रिलमध्ये भातखाचरात शंभर पावलांवरून मारलेल्या पाच गोळ्या कॉफीच्या बशीत मावत. दर सप्टेंबरात नारळ झाडावरच राही. १९९० ला काडतुसं जुनी होती. १९९१ ला नारळ हलला. १९९२ ला वारा होता. १९९३ ला लोक हसल्यामुळे नेम चुकला. पण लोक नेम चुकल्यावर हसले होते, असं मी लिहून ठेवलं आहे.

१९९३च्या त्या दिवशी जेवणानंतर, ब्रँडीच्या तिसऱ्या पेल्याला, चुलत पुतण्या कुट्टप्पा म्हणाला, “काका, ती मला द्या. पुढचं लाकूड कापून टाकतो, दस्ता बदलतो, वर दुर्बीण बसवतो. उगाच म्हाताऱ्याला धोतर नेसवून पळवताय.” कुट्टप्पा लाकडाचे ट्रक चालवतो, कापण्यापलीकडे लाकडाचं काही करता येतं हे त्याला ठाऊक नाही.

भावजी उठले आणि माजघरातल्या पूर्वजांच्या दिव्यासमोर हात पुढे करून म्हणाले, “पुढच्या वर्षी नारळ पडला नाही तर घेऊन जा.”

घराण्यातल्या चार वडीलधाऱ्यांनी ते ऐकलं. त्या दिव्यासमोर दिलेला शब्द परत घेता येत नाही, मग तो ब्रँडीनं का दिलेला असेना.

या वर्षी ऑगस्टच्या मध्याला भावजींनी पावसाच्या उघडिपीत पाच गोळ्या मारून पाहिल्या. सगळ्या उजवीकडे, दीड वीत. त्यांनी नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी सरकवली. दोन दिवसांनी गोळ्या वर गेल्या. त्या संध्याकाळी ते पायरीवर बंदूक मांडीवर घेऊन बसले होते आणि अंगठा सासऱ्यांच्या आद्याक्षरांवरून फिरत होता.

“वहिनी, ही जाणार माझ्या हातून,” ते म्हणाले. “तो करवतीनं कापेल तिला.”

चार वर्षांत हजाराव्या भागाशिवायचं त्यांचं हे पहिलंच बोलणं. मी आत जाऊन डायऱ्या आणल्या. मडिकेरीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनं लावलेली सवय, न लिहिलेला दिवस गमावला म्हणून समजायचा. मी त्यांना ५ जानेवारी १९९० वाचून दाखवलं.

“त्यात काय? कपाट केलं.”

“त्याआधी ती कुठं होती?”

“चुलीवरच्या खुंटीला. धुरात. दादाला कशाची कदरच नव्हती.”

“मिरी तिथं वाळते, मांस वाळतं, सरपण वाळतं. तुम्ही एप्रिलमध्ये कोरडं लाकूड बसवता आणि पावसाळाभर ते मखमलीत भिजत पडतं. दारासारखंच फुगत असेल.”

“पुस्तकात असं कुठंही नाही.”

“पुस्तकवाल्यानं आपला पाऊस पाहिलेला नाही.”

त्यांनी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये नख घालून पाहिलं, ते शिरेना. मग कोणाला सांगायचं नाही या अटीवर कबूल झाले. बोल्ट त्यांच्या ट्रंकेत कुलपात गेला आणि बाकीची बंदूक सोळा दिवस चुलीवर, वाळत घातलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांशेजारी टांगली गेली. चरबी जिकडं ओघळायची तिकडं ओघळली. भावजींनी नळी आतून स्वच्छ पुसली, पण दस्त्याचा वास जाईना.

म्हणून आज पाच कुत्री.

मैदानावर भावजींनी बंदुकीच्या तोंडातलं पूजेचं फूल काढलं, नळीतून आरपार पाहिलं आणि नेम धरला. आमचा काळा कुत्रा मागून येऊन त्यांचं कोपर चाटू लागला.

“काका,” कुट्टप्पा म्हणाला, “नेम धरताय की पंगत वाढताय?”

पहिली गोळी नारळापासून चार बोटांवर फांदीत घुसली. तिघांनी मिळून कुत्र्याला धरलं. दुसऱ्या गोळीला नारळ फुटला आणि त्याचं पाणी खाली उभ्या असलेल्या पंचांच्या अंगावर सांडलं.

कुट्टप्पानं वाकून काकांच्या पायांना हात लावला. रीत म्हणजे रीत. मग विचारलं, “जमवलंत कसं?”

भावजींनी त्याला पाऊण तास समजावलं: काजळी, बुचं, चाप, पितळी स्क्रू. चुलीचा उल्लेख नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग झाडाकडे पाहायला लागले.

“आणि हा वास?”

“खास तेल आहे. विलायती.”

“कुत्र्यांना इंग्रजी येतं वाटतं,” कुट्टप्पा म्हणाला.

संध्याकाळी भावजींनी माझ्या कॉफीच्या किटलीतलं उकळतं पाणी नळीत ओतून बंदूक धुतली, तेल लावलं आणि पुढच्या खोलीतल्या कपाटाकडे न पाहता सरळ स्वयंपाकघरात आले. खुंटीवरची चाळणी काढून माझ्या हातात दिली आणि बंदूक टांगली. काचेच्या कपाटात देचव्वानं जेवणाआधीच लोणच्याच्या बरण्या मांडल्या होत्या.

रात्रीच्या जेवणानंतर लिहिलं: चाळणीसाठी नवा खिळा ठोकला. स्वयंपाकघराचं दार अजून लागत नाही.