रतनताईंची दुसरी फ्लॉपी

आमच्या डोंबिवलीच्या कारखान्यात १९९१ साली कॉम्प्युटर आला, तो टायपिस्ट रतन नाखवा यांच्या टेबलावर बसला. सगळं काम फ्लॉपीवरच राहायचं. ठाण्याच्या कोळीवाड्यातून येणाऱ्या रतनताईंचे नियम मला जाच वाटायचे. परिच्छेद झाला की सेव्ह करा. शेवटी दुसऱ्या फ्लॉपीवर कॉपी काढा, ती वेगळ्या कपाटात ठेवा. साहेबांनाही सुनवायच्या, "वीज काय तुम्हाला विचारून जाते?"

खंडेनवमीला साहेबांनी कॉम्प्युटरची पूजा केली. डब्यातल्या फ्लॉप्या कव्हरातून काढून ताटात मांडल्या आणि प्रत्येकीवर पाणी शिंपडून हळदकुंकू वाहिलं. दसऱ्यानंतर एकही उघडेना. वर्षभराचा पत्रव्यवहार त्यांतच होता. साहेब घामाघूम झाले.

ताई उठल्या. कपाटाचं कुलूप काढून त्यांनी दुसरा डबा टेबलावर ठेवला. त्यातून एकूण एक पत्र परत मिळालं. नंतर शेजारच्या कारखान्यांतले लोक सल्ला विचारायला यायचे, तेव्हा मीच त्यांना ऐटीत ताईंच्या टेबलापाशी न्यायचो.

पुढच्या खंडेनवमीला ताटात एकच फ्लॉपी होती. साहेबांनी बाकीच्या मागितल्या.

"हीच पुजा," ताई म्हणाल्या. "कोरी आहे. देवाला चालते."