साउबाईचा भारी हात

साउबाईचा हात भारी होता, हे टेक्सासच्या त्या अख्ख्या बंदराला ठाऊक होतं. एकदा एका गोऱ्याने तिच्या टोपलीला लाथ घातली, तर बाईने बर्फातला मासा उचलून त्याच्या थोबाडात असा हाणला की दोन दात घाटावर पडले. घरी पिसांच्या झाडणीचा वेताचा दांडा असायचा. तो धाकट्यांना क्वचित बसायचा, थोरल्या लोआनला मात्र कायम. पाठ सोलून निघायची पोरीची.

बाई गेली तेव्हा मयताला आलेले म्हणाले, "वाघीण होती हो तुझी मा. नवरा असा गेला, तरी चार पोरं वाढवली." लोआन नुसती मान हलवत राहिली. काय सांगणार होती कपाळ?

गोष्ट एक्याऐंशी सालच्या तेतची, म्हणजे व्हिएतनामी नव्या वर्षाची. लोआन बारा वर्षांची होती. व्हिएतनाममधून येऊन दोन वर्षं झालेली, तुंगने, तिच्या बापाने, नुकतीच कोळंबीची होडी घेतलेली. या माणसांची रीत अशी, की एकाला कोळंबी लागली की सगळ्यांनी होड्या तिथेच न्यायच्या. गोऱ्यांना तो दरोडा वाटायचा. जाळी कापली, खिडक्या फोडल्या, एका म्हाताऱ्याच्या बरगड्या मोडल्या त्यांनी.

तेतच्या सकाळी उंबरठ्यावर पहिलं पाऊल कुणाचं पडतं, त्यावर सगळं वर्ष जातं. साउबाईने भरल्या घरचा एक भाग्यवान माणूस आधीच सांगून ठेवला होता. तुंग देवळात गेलेला, आणि तो माणूस यायच्या आत दारात उभा राहिला कर्टिस, घाटावरचाच एक गोरा. महिन्यापूर्वी त्याचा भाऊ खाडीत बुडाला होता. तुंगनेच प्रेत बाहेर काढून दिलं होतं, म्हणून कर्टिस त्याला मानायचा. पण सुतकातला माणूस, तेतला, दारात! साउबाईचं रक्तच तापलं.

"चालता हो! मेल्या, आजचाच दिवस मिळाला तुला?"

तो हात जोडत होता, घाईघाईने इंग्रजीत बोलत होता आणि बोलता बोलता पायरी चढला. बाईने होडी ओढायची आकडीची काठी उचलली आणि दिली ठेवून. भुवई फाटली. डोळ्यावर रक्त ओघळलं तरी तो लोआनकडे बघून ओरडत राहिला. दुसरा फटका मनगटावर बसला, हाड वाजलेलं लोआनने ऐकलं. मग तो पळाला. बाईने पायरीवरचं रक्त मिठाच्या पाण्याने धुतलं.

तो काय ओरडत होता, ते शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या लोआनला कळलं होतं. "बापाला सांग, आज होडीवर जाऊ नको. ते आग लावणार आहेत." पण तेतला अभद्र बोलायचं नसतं, बोललं की ते वर्षभर मागे लागतं. मागच्या तेतला तिने "पडला" एवढंच म्हटलं होतं, तर आईने तोंड फोडलं होतं. पोर गप्प बसली.

दुपारी जेवून, दोन घोट घेऊन तुंग होडीवर जाऊन झोपला. तासाभरात काळा धूर उठला. साउबाई अनवाणी धावली. त्याला ओढून काढलं तेव्हा अंगाची कातडी तिच्या तळहाताला चिकटून आली. घाटावर तिघे गोरे हसत उभे होते. तिने एकाचा कान चावून तोडला, इतरांनी तिला बुटांनी तुडवलं.

संध्याकाळी प्रेताजवळ बसून, सुजलेल्या तोंडाने तिने विचारलं, "सकाळी काय म्हणत होता गं तो?"

"शिव्या देत होता, मा."

बाईने पुन्हा कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून मार मात्र वाढला. लोआनने तो मुकाट खाल्ला. बापाला आपणच मारलं, आपल्याला हे हवंच, असं ती धरून चालली. चाळीस वर्षं! लग्न मोडलं, झोप गेली, तरी तोंडातून अवाक्षर नाही.

बाई जायच्या आठ दिवस आधी मात्र तिला राहवलं नाही. पेज भरवता भरवता ती म्हणाली, "मा, कर्टिस शिव्या देत नव्हता. आग लावणार म्हणून सांगायला आला होता. मला कळलं होतं."

म्हातारीने घास गिळला. "मलाही."

"काय?"

"निर्वासितांच्या छावणीत पहिल्या दिवशी आगीचा इंग्रजी शब्द शिकवला होता. कळला मला. पण वर्ष नासेल म्हणून मी त्याला हाणला. तुझ्या बापाला काही बोललेच नाही."

"मग मला का विचारलंस?"

"तुला कळलंय का, ते बघायला. तू शिव्या म्हणालीस, तोंडावरून समजलं मला, खोटं बोलतेयस. म्हटलं, बरं झालं. निदान मोठ्याने कुणी म्हणणार नाही."

"आणि मारायचीस का मग मला?"

"तुझं तोंड बघितलं की आग दिसायची गं."

वाटी खाली पडली. लोआनचा हात उठला. म्हातारीने डोळे मिटले आणि गाल पुढे केला.

"मार."

आणि लोआनने मारलं, चांगलं सणसणीत. म्हातारीचा ओठ फुटला. लोआनने पदर नव्हता म्हणून बाहीनेच तो पुसला, पेज सांडलेल्या त्याच खाटेवर चढली आणि आईच्या कुशीत शिरून बारा वर्षांच्या पोरीसारखी हमसून हमसून रडली. साउबाईचा हात तिच्या पाठीवर आला. हात पाठीला लागताच लोआन सवयीने दचकली.