चौदा ठिकाणी नापास

मुलगी माझ्याशी बोलायची थांबली त्याला नऊ दिवस झाले होते. कारण मीच. ती जी गाणी ऐकते तो आवाज आमच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये फुकट मिळतो, असं मी जेवताना म्हणालो होतो. त्यावर ती एवढंच म्हणाली, "आधी एकदा सगळं ऐका, मग बोला." तेव्हापासून ती ताट घेऊन आत जाऊन बसायची. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी बंगळूरला जाणार होती. हाताशी इतके थोडे दिवस, त्यातले नऊ असे गेले.

दहाव्या दिवशी मीच तिला मेसेज केला की तो अल्बम पाठव. तिने पाठवला, सोबत एक शब्द नाही.

कुठल्याशा परदेशी बँडचा होता. आठ गाणी, एकूण त्रेसष्ट मिनिटं. आकुर्डीहून महाळुंग्याला आमची कंपनीची बस पन्नास मिनिटांत पोचते; उरलेली तेरा तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये सहज निघतात. पहिल्या दिवशी मला काहीही समजलं नाही. गायक गुरगुरत होता, आणि मधेच इतका हळुवार गायला लागला की गाणं बदललं असं वाटून मी फोन काढून पाहिला. तेच गाणं होतं. अजून सात मिनिटं बाकी होती. शेजारचा सहकारी म्हणाला, "काय राव, डॉक्टरचा रिपोर्ट ऐकताय का? तोंड बघा जरा." मला हसावं की उतरावं तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी मी मोजायला लागलो. बावीस वर्षं मी कंपनीत मालाच्या तपासणीत आहे. पाठ वळलेली असली तरी प्रेसचा एखादा ठोका उशिरा पडला की माझी मान आपोआप वळते. इथे चारपर्यंत मोजलं की ढोल जागेच्या आधीच पडायचा. माझंच चुकलं म्हणून मी मागे नेऊन पुन्हा मोजायचो. पुन्हा तेच. शेवटी तपासणीच्या फॉर्मच्या पाठीमागे रकाने आखले: गाणं क्रमांक, मिनिट, सेकंद, दोष. दोषाच्या रकान्यात 'एक ठोका कमी', 'एक ठोका जास्त', 'ठोका लवकर' असं लिहीत गेलो. एकदाच मोजून आम्ही माल नापास करत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पडताळलं. चौदा दोष कायम राहिले. मला त्या माणसांचं खरंच वाईट वाटलं. एवढी मेहनत केली आणि बाहेर पाठवण्याआधी कुणी तपासलं नाही.

रविवारी सकाळी तो कागद मी मुलीच्या हातात दिला. निदान मी ऐकलं एवढं तरी तिला पटेल, असा हिशोब होता. तिने उभ्यानेच वाचला. मग खुर्ची ओढून बसली आणि फोनवर एकेक मिनिट-सेकंद काढून ऐकू लागली. आता भांडण होणार असं समजून मी पेपर उघडला.

"बाबा, हे तुम्ही नुसतं कानाने पकडलंत?"

मी हो म्हणालो.

"इथे ते ताल बदलतात. सात ठोक्यांचा पाचचा होतो. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. मला यातली निम्मी ठिकाणं सापडायला वर्ष गेलं."

ती हसत होती. मी पास झालो की नापास, ते मला उमगेना. ज्याला ठोका बरोबर पाडता येतो त्याने तो मोडायचा कशासाठी, असं मी विचारलं. तिने बराच वेळ समजावलं. निम्म्याला मी मान हलवली, ती खरी होती. उरलेल्या निम्म्याला नुसतीच हलवली.

आठव्या दोषापाशी ती अडली. तिच्या मते तिथे काहीच बदलत नव्हतं, दहाचे दहा ठोके होते. माझ्या कागदावर 'एक ठोका जास्त', म्हणजे अकरा होते. तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला, एक स्वतःच्या, आणि आम्ही टेबलावर बोटांनी मोजायला लागलो. पोहे गार होत आहेत, असं बायकोने दोनदा सांगितलं.

या वेळी मला दहा मिळाले. तिला अकरा.

"थांबा," ती म्हणाली, आणि तिने गाणं मागे नेलं.