शिरगुप्पे डॉक्टर बेदाणा निवडतात

दुपारची जेवणं झाली की बेदाण्याच्या शेडमध्ये बायका भिंतीच्या सावलीला पाय पसरतात आणि मी खोक्यांच्या थप्पीला पाठ लावून रिकाम्या पोत्यावर आडवी होते. झोपत नाही. मालकिणीनं कामाच्या जागी झोपायचं नसतं. डोळे मिटायचे आणि कान उघडे ठेवायचे. कोणाच्या बांगड्या वाजल्या, कोणाचा हात ट्रेकडून तोंडाकडे गेला, ते मला मिटल्या डोळ्यांनी कळतं. आमचे हे म्हणायचे, मालनच्या कानाखालून मुंगी जायची नाही.

आज कान जयमालाकडे आहेत. जयमाला माझी सून. पलीकडे वजनकाट्यापाशी बसली आहे, म्हणजे पेंगतच असणार. हल्ली तिला सदा पेंग. अंगानं सुटली, केस गळतात, चार पायऱ्या चढली की बसते. खाऊन माजली म्हणावं तर जेवते चिमणीएवढं. मग माणसाला शंका येणार नाही तर काय होईल?

शंका काय आहे ते इथंच सांगते. माझी साखर उतरत नाही. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घेते. सुईवरच्या रेघा मला दिसत नाहीत, म्हणून औषध जयमाला भरते आणि टोचून मी घेते. माप वीस होतं त्याचं तीस झालं, तीसचं अडतीस. साखर जागची हलत नाही आणि उजव्या अंगठ्याची जखम दोन महिने ओलीच आहे. नवा डॉक्टर परवा म्हणाला, पुढच्या आठवड्यापर्यंत अशीच राहिली तर अंगठा ठेवायचा की नाही ते बघू. जसा काही त्याचाच अंगठा.

मग एवढं औषध जातं कुठं? भरणारी एकच आहे. आणि तीच रोज पहाटे ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून काहीतरी तोंडात टाकते. मी दोनदा बघितलंय. आज संध्याकाळी प्रताप, माझा मुलगा, माल घालून सांगलीहून परत आला की त्याच्यासमोर विचारणार आहे, सुईत औषध भरतेस की पाणी? उत्तर पटलं नाही तर तिची बॅग भरायची आणि तिला जतला माहेरी धाडायची. बोलायचे शब्दसुद्धा मी लावून ठेवलेत.

शब्द एकाला एक जोडत असते. वर पत्रा उन्हानं तडतडतो. तडतड लांब लांब जाते, कोणीतरी दुसऱ्याच्या घरावर चालल्यासारखी.

समोर बायकांच्या मधोमध, माझ्या पाटावर कोणी बाप्या बसलाय. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ट्रे पुढ्यात घेऊन एका बोटानं बेदाणा सारतोय. शिरगुप्पे डॉक्टर आहेत. मिरजेचे, साखरेचे आणि ग्रंथींचे डॉक्टर. बारा वर्षं माझी साखर त्यांनी बघितली आणि मागल्या दिवाळीच्या तोंडावर स्वतःच गेले. त्यांच्या फोटोला घातलेला हार मी डोळ्यांनी बघून आलेय.

म्हणून मी पहिल्यांदा त्यांचे पाय बघते. मेलेल्याची पावलं उलटी असतात म्हणतात.

"काय शोधताय, मालनबाई?"

"पाय."

"माझे सरळ आहेत. तुमचे दाखवा."

मी पाय लुगड्याखाली ओढून घेते. "आधी कशाला आलाय ते सांगा. न्यायला आला असाल तर सीझन चालू आहे, मला जमायचं नाही."

"न्यायला येणारे वेगळे असतात. मी फेरतपासणीला आलोय."

"मेल्यावरही दवाखाना सुटला नाही म्हणा की."

ते मान डोलावतात आणि एक सोन्यासारखा दाणा काडीकचऱ्यात टाकतात.

"अहो, चांगला माल टाकताय. निवडायची ही रीत नव्हे."

"मग रीत सांगा की."

"डोळ्याला नुसता रंग दिसतो. ओल बोटालाच कळते. ओला एक दाणा आत गेला की पंधरा किलोच्या खोक्याला बुरशी. डोळे मिटा. दोन बोटांत धरा. आता दाबा. हा मऊ, हा खडखडीत, आणि हा बघा, वरून सुका आणि आत गिच्च. हा बाहेर."

डॉक्टर आज्ञेतल्या पोरासारखे डोळे मिटून दाबत राहतात. बारा वर्षांत त्यांनी माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटायला लागतं आणि तिथंच मी सावध होते. आपलं एवढं ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं.

ट्रे लांबत जातो आणि दवाखान्यातलं बाकडं होतो. आम्ही मिरजेला आहोत. भिंतीवर गळ्याचं चित्र आहे, आत फुलपाखरासारखी ग्रंथी. पण वर छताला आमच्याच जाळ्या टांगल्यात, त्यावर द्राक्षं सुकतायत आणि गंधकाचा वास सुटलाय. निवडणाऱ्या बायका नंबर घेऊन गप्प बसल्यात. मधल्या खुर्चीत जयमाला आहे, आत्ताची नव्हे, पाच-सहा वर्षांमागची, दाट केसांची. डॉक्टर मागं उभे राहून तिचा गळा चाचपतात.

"पाण्याचा घोट घ्या. गिळा."

ती गिळते. गळ्यातलं काहीतरी वर जाऊन खाली येतं.

"थायरॉईड सुस्त आहे," ते मला म्हणतात. "म्हणून थकवा, म्हणून अंग सुटतं, म्हणून केस जातात. हा आळस नाही, मालनबाई. पहाटे एक गोळी, उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर. पुढं तासभर चहासुद्धा नाही."

"हे आत्ता सांगताय होय?"

"तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही शेजारीच बसून बेदाणे चघळत होता."

"चघळत नव्हते. चव बघत होते. दर लॉटची बघावीच लागते."

"चव बघून थुंकत होता की गिळत होता?"

जयमाला खुर्चीत गालातल्या गालात हसल्यासारखी वाटते. बघते तर तोंड मिटलेलं.

"सकाळचा पहिला चहा सूनबाई कोणाबरोबर घेते?" डॉक्टर विचारतात.

आता माझी मान ताठ होते. "माझ्याबरोबर. पाचच्या ठोक्याला. माझ्या सासूनं मला जन्मात कधी समोर बसवलं नाही, मी चुलीमागं बशीतून प्यायचे. मी सुनेचा कप माझ्या कपाशेजारी ठेवायला लावते. आमच्या गल्लीत दुसऱ्या कुठल्या सुनेला हा मान नाही."

"मग गोळी कधी घेते?"

मला ओटा दिसतो, पाठमोरी जयमाला दिसते, गॅसवर आधण दिसतं. उत्तर माझ्या तोंडातून माझ्याआधीच बाहेर पडतं.

"चहाला उकळी येईपर्यंत."

"म्हणजे तुमच्या मानातच तिची गोळी बुडते."

"मग तोंड नाही तिला? सांगायचं की."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असता?"

ते मला माहीत आहे. मागल्या वर्षी निवडणीवरच्या कमलनं डोकेदुखीची गोळी घेतली, तेव्हा साऱ्या बायकांसमोर मी म्हणाले होते, हल्लीच्या बायांना गोळीशिवाय दिवस उजाडत नाही. जयमाला तेव्हा वजनकाट्यापाशी उभी होती. आता आठवते. तेव्हा दिसली नव्हती.

"तुम्हाला तिनंच पाठवलंय," मी म्हणते.

"मेलेल्या माणसाला कोण पाठवणार?"

"सुना कोणालाही पाठवतात."

डॉक्टर वाद घालत नाहीत. ते उठून चालायला लागतात आणि मी मागं जाते. दवाखान्याचं दार उघडलं की पलीकडे माझंच स्वयंपाकघर आहे. रोज सुई घेते त्या दाराआड मी उभी आहे. डॉक्टर बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेत. चुन्याला लागेल एवढं नाक जवळ.

"मी बघत नाही. तुमच्याच बोटानं बघा. सुई कुठं घेता?"

"पोटाला. तुम्हीच सांगितलेलं."

"पोटाला कुठं?"

"डाव्या अंगाला, निऱ्या खोचते त्याच्या वर. नऊवारीत तेवढीच चार बोटं जागा काही न सोडता सापडते. दिवसातून दोनदा काय लुगडं फेडून बसू? घरात माणसं असतात. आणि तिथं दुखत नाही. पहिल्या वर्षी दुखायचं. आता सुई गेलेली कळतसुद्धा नाही."

"का कळत नाही?"

मी पदर खोचते.

"मालनबाई, तुम्ही सुनेचा संशय घेता, नव्या डॉक्टरचा घेता, मेलेल्या माणसाच्या पावलांचा घेता. त्या चार बोटांच्या जागेचा एकदाही घेतला नाही?"

मला राग येतो. खरं बोलणाऱ्याचा येतो तसला.

"डोळे मिटा," ते भिंतीला म्हणतात, "दोन बोटांत धरा. आता दाबा."

माझीच रीत मलाच. मी आधी उजवं अंग दाबते. मऊ, सैल, म्हातारीच्या पोटासारखं पोट. मग डावं. बोट थबकतं. आत लिंबाएवढं काहीतरी आहे. रबरासारखं, हलवलं तर हलतं. वरून कातडी चांगली आणि आत गिच्च. दाणाभर खडा बोटाला लागला तर मी बाईला हाकलून देते, आणि हे लिंबू मी पोटावर घेऊन हिंडतेय.

"ट्रेमध्ये सापडलं असतं तर?" डॉक्टर विचारतात.

"बाहेर काढलं असतं."

"औषध त्यात जाऊन बसतं. रक्तात नीट येत नाही. बागेत ठिबक तुंबलं तर मोटर वाढवून मुळाला पाणी मिळतं का?"

"नाही."

"सूनबाई अडतीसच भरते. एक रेघ कमी नाही, एक जास्त नाही."

मी लुगडं सारखं करते. "बरं. मग आज संध्याकाळपासून उजव्या अंगाला घेते. अडतीस."

"अजिबात नाही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज जिवंत असतानासारखा कडक येतो. "अडतीस हे त्या गाठीपायी वाढलेलं माप आहे. चांगल्या जागी तेवढंच्या तेवढं गेलं तर साखर धाडकन खाली येईल. घाम सुटेल, हातपाय कापतील, शुद्ध जाईल. आधी त्या नव्या डॉक्टरला गाठ दाखवा. माप तो ठरवेल. मग रोज जागा बदलायची. मी तुम्हाला कागदावर पोटाची चार घरं काढून दिली होती. कुठाय तो कागद?"

"लोणच्याच्या बरणीखाली. तेल ओघळायचं."

भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाची पाठ हसताना मी पहिल्यांदाच बघते.

"शेवटी न्यायलाच आला होता की," मी म्हणते. "अडतीस घेतलं असतं तर गेलेच होते."

"म्हणून तर सांगून चाललोय."

ते हात मागं करतात, न वळता. तळहातावर एक बेदाणा आहे.

"मेलेल्याच्या हातचं मी खात नाही."

"खायला नाही. सुईची नवी जागा विसराल, म्हणून खूण."

मी घ्यावा की नाही करत घेते. भिंत मागं सरकते, चुन्याचा रंग पोत्याचा होतो, डॉक्टर पुन्हा बायकांच्या ओळीत माझ्या पाटावर आहेत आणि डोळे मिटून निवडतायत. एक दाणा उचलून मला दाखवतात. "हा ओला." बरोबर आहे, ओलाच आहे. पाट सोडा म्हणायला मी तोंड उघडते.

"आत्या. आत्या, चहा आणलाय."

पत्रा तडतडतोय. जयमाला कप घेऊन वाकली आहे. बायका कामाला लागल्यात, म्हणजे मी झोपले होते आणि साऱ्यांनी बघितलं. माझा हात पोटावर आहे. उजव्या अंगाला, निऱ्यांच्या वर, घामानं काहीतरी चिकटलंय. नखानं काढते. बेदाणा आहे. तो होता तिथं कातडीला त्याच्याएवढा खळगा पडलाय.

शेडमध्ये बेदाणा कुठंही चिकटतो, हे मलाही कळतं. तरी मी बायकांची तोंडं एकेक करून बघते. कोणी हसत नाही. मग पदराआडून डावं अंग दाबते.

लिंबू तिथंच आहे.

"कप ठेव," मी जयमालाला म्हणते. "इकडं थप्पीमागं ये. हात आण."

ती बिचकते. अठरा वर्षांत पाया पडण्यापलीकडे तिनं मला हात लावलेला नाही. मी तिची दोन बोटं धरते आणि जागेवर ठेवते.

"दाब."

ती दाबते. तिचे डोळे मोठे होतात. "आत्या, हे कधीपासून?"

"तुला काय करायचंय कधीपासून? डॉक्टरला फोन लाव. आजच दाखवायचं म्हणावं. आणि त्यानं माप सांगितल्याशिवाय संध्याकाळची सुई भरायची नाही."

ती फोन काढते तोवर बाहेर टेम्पो थांबतो. प्रताप आज लवकरच आलाय, घाम पुसत आत येतो. "आई, काहीतरी बोलायचंय म्हणाली होतीस सकाळी. जयमालासमोर."

लावून ठेवलेले शब्द सगळे जागेवर आहेत, एक इकडचा तिकडं झालेला नाही. जयमाला फोन कानाला धरून माझ्याकडे बघते. तिला माहीत होतं की काय, कोण जाणे. सुनांना सगळं माहीत असतं.

"व्हय, बोलायचंय," मी म्हणते. "उद्यापासून माझा पहिला चहा सहाला. पाचला नाही. आणि दोघींचा बरोबरच. ओट्यापाशी अंधारात कोणी उभं राहायचं नाही. दिवा लावायचा आणि काय गिळायचं ते उजेडात गिळायचं."

"एवढंच?" प्रताप म्हणतो.

जयमालाचा मोकळा हात हळूच गळ्याशी जातो आणि तिथंच राहतो. पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करतंय, तिला ऐकू येत नाही.

"बोल की फोनवर," मी तिला म्हणते.

बेदाणा मी पदराच्या टोकाला बांधून टाकते. बांधण्याआधी दोन बोटांत धरून दाबून बघितला. सुका होता. चांगला होता.