अधोलीतले तांदूळ

"माप पालथं कुणी घातलं?" हौसाबाईंनी विचारलं.

काचेच्या पेटीत त्यांच्या घरची अधोली होती. अधोली म्हणजे धान्य मोजायचं लाकडी माप, अर्ध्या पायलीचं. घाटघरच्या खळ्यांवर भाताची रास पडली की पहिलं मोजणं हिनंच व्हायचं. उन्हाळ्यात हौसाबाईंनीच ती शिनोलीच्या आमच्या छोट्या संग्रहालयाला दिली होती.

पालथी मीच घातली होती. बुडाचं कोरीव काम सुरेख आहे, ते लोकांना दिसावं म्हणून. मी पुण्यातल्या एका मोठ्या संग्रहालयात कॉन्झर्व्हेटर होते, म्हणजे जुन्या वस्तू खराब होऊ नयेत हे पाहणारी. रिटायर झाल्यावर गावी आले. इथं आम्ही सगळे बिनपगारी.

"आन् आतलं तांदूळ?"

"काढले. त्यात टोके होतात."

त्यांचा चेहराच उतरला. "आमच्यात माप कवाच रिकामं ऱ्हात न्हाई, ताई. भात कापायला आलाय. मी घिऊन जाते त्ये."

घाटघरच्या घरांनी इरली, घोंगड्या, नांगर हे सगळं हौसाबाईंच्या शब्दावर दिलं होतं. अधोली गेली असती तर त्यामागून निम्मं दालन गेलं असतं, आणि उद्घाटन पंधरवड्यावर आलं होतं. आमचे अध्यक्ष काळे गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, मापात मूठभर तांदूळ परत घाला, मिटवा. मी भडकले. तांदळात किडे झाले की त्यांच्यामागून दुसरे येतात, आणि शेजारच्याच पेटीत लोकरीच्या घोंगड्या. आयुष्यभर जे होऊ दिलं नाही, ते आता उद्घाटनासाठी करू?

पण भांडता भांडताच सुचलं. किडीची शंका असलेली वस्तू आम्ही पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवत असू. कडक थंडीत किडे मरतात, अंडीसुद्धा. औषध लागत नाही. वस्तूचं चालतं, तर तांदळाचं का नाही?

हौसाबाईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्यात मच्छी तर नाय ना ठिवत?"

पेठ गावातल्या एका आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर ठरला. तिथं मच्छी नव्हती, मँगो कुल्फी होती. तो हसला, "तांदळाला कशापायी गारठा, राव?" पण कोपरा रिकामा करून दिला.

तोवर मापाचं काय? हौसाबाईंनी ते सरळ करून घेतलं आणि हातातली एक काचेची बांगडी काढून आत ठेवली. काचेला कीड लागत नाही. माझी काहीच हरकत नव्हती.

तांदूळ परत आणल्यावर दिवसभर पिशवी उघडली नाही. गार वस्तू लगेच उघडली तर तिला दव सुटतं, आणि ओले तांदूळ भरले तर ती ओल मापाच्या लाकडात मुरते. गुरुजी दर तासाला विचारत होते, झालं का. मी दर तासाला नाही म्हणत होते.

उद्घाटनाला पाहुणे आले, फीत कापली, भाषणं लांबली. मग हौसाबाई पुढे आल्या. बांगडी काढून हातात घातली, ओंजळीनं तांदूळ अधोलीत भरले आणि नमस्कार केला. घाटघरची सगळी माणसं पेटीभोवती उभी होती. मला एकदम भरून आलं, आणि सांगायला लाज कसली, छातीही फुगली. कोरीव काम दिसावं म्हणून अधोलीखाली आता आरसा आहे. तोही मीच बसवला.

आता नवा भात निघाला की हौसाबाई मूठभर तांदूळ घेऊन येतात, ते पेठला जाऊन येतात आणि मग मापात पडतात. जुने त्या घरी नेऊन शिजवतात. मी त्यातून एक धडा घेतला: वस्तू घेताना तिचं वय, लाकूड, मोजमाप विचारण्याआधी तिला घरात कसं ठेवत होते ते विचारावं. एवढं विचारलं असतं तर पेठच्या खेपा वाचल्या नसत्या, पण धावपळ वाचली असती.

पुण्याच्या संग्रहालयात हजारो वस्तू माझ्या हाताखालून गेल्या. त्यातल्या एकीलाही घरचं माणूस दरवर्षी भेटायला येत नव्हतं. आमच्या अधोलीला येतं.