दाखवण्यापुरतं गाणं

काल शेजारी जुनी पेटी उघडली, भात्यातून तंबाखूचा वास आला आणि मी एकदम नाकाला पदर लावला. इतक्या वर्षांनीसुद्धा!

मी मराठी पाचवीत होते. देवपुरात आमच्या ओसरीवर माझ्या आत्यानं लावलेले पेटीमास्तर गाणं शिकवायला यायचे. तंबाखू मळलेल्या बोटांनीच ते वाजवायचे, पट्ट्या चिकट व्हायच्या आणि त्याच पट्ट्यांवर मग माझी बोटं. शी. पण मी सोसायचे, कारण मला गाणी हवी होती, खूप खूप गाणी. मास्तर मात्र सगळा पावसाळा एकच पद घोटून घेत बसले.

मग पाहुणे मला बघायला आले. मी ते पद म्हटलं. मुलाचे आबा खूश होऊन म्हणाले, "पोरना गळा गोड शे. आते दुसरं म्हन."

दुसरं मला येतच नव्हतं. मी खाली मान घातली, तर आत्या घाईनं म्हणाली, "लाजस ती."

पाहुण्यांचा होकार काही आला नाही, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मास्तर आल्या आल्या मी म्हटलं, "मास्तर, आता दुसरं पद शिकवा ना."

मास्तरांनी आत्याकडे बघितलं. ती सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसरं कसाले? पुढला पाव्हणासनी हाई गाणं कोठे ऐकेल शे?"

मास्तरांना ते अगदी पटलं. त्यांनी पुन्हा तेच पद सुरू केलं.