नववा भाग

कमल राणे ही मुखदुर्बळ बाई आहे, असं तिच्या सासरची माणसं अजूनही मानतात. मानू देत बापडी. त्यांनी तिला कुवेतच्या डायलिसिस वॉर्डात कधी पाहिलेलं नाही.

कमल कुडाळजवळच्या एका खेड्यातली. तिचे वडील गणपत दशावतारी नाटकात राजे करायचे. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरवायची, तोंडाला रंग फासायचा आणि सुचेल तसं बोलत सुटायचं. कमल पेटाऱ्याशेजारी मांडी घालून बसायची आणि प्रत्येक राजाचं भाषण मनातल्या मनात म्हणायची. अकरा वर्षांची असताना तिने धीर करून विचारलं, मी पण रंगू? वडील म्हणाले, "चेडवांनी रंगूचा नसता." झालं, संपला विषय. राणीचं कामसुद्धा मिशी काढलेला बुवा करायचा, तिथे मुलीला कोण विचारतो! पोर रुसली, दोन दिवस जेवली नाही, मग मोठी होऊन नर्स झाली. पण ते दुखणं काही गेलं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर कुवेतला आली. चंद्रहास मंगफकडच्या एका प्लांटवर टेक्निशियन, मुलगी स्वरा पंधरा वर्षांची, आणि अब्बासियातल्या दोन खोल्यांत तिघांचा संसार.

वॉर्डात आठ खाटा. सहा नंबरच्या खाटेवर शनिवार, सोमवार, बुधवार जवेरिया आपा यायच्या. मूळच्या हैदराबादच्या, कुवेतच्याच सलवा भागात तीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलेल्या, आणि जिभेला कात्रीची धार. मशीनवर चार तास बसायचं, तर या बाई दोन तास झाले की म्हणायच्या, "बस. निकालो सुयाँ." कुणी समजावलं तर स्वतःच्या जबाबदारीवर जात असल्याचा कागद मागून सही ठोकायच्या आणि चालू पडायच्या. अंगात पाणी साठत होतं, पायांना सूज, धाप वेगळीच.

अशात त्यांच्या बहिणीची, ताहिराची, किडनी जुळली. असं नशीब किती जणांचं असतं? पण डॉक्टर शरद यांनी स्वच्छ सांगितलं, "तीन महिने, प्रत्येक वेळी पूर्ण चार तास. हृदयावरचा ताण कमी झाला तरच ऑपरेशन. नाहीतर मी सही करणार नाही."

सांगणं सोपं, आपांना बसवायचं कसं? कमलने घरी स्वराचा टॅब्लेट मागितला. त्यावर एक अमेरिकन मालिका होती, हिंदीत डब केलेली. टिलरी नावाचं छोटंसं गाव. गावाची कागदाची गिरणी जळते, आळ येतो रूथ नावाच्या मुलीवर. बारा वर्षांची शिक्षा भोगून ती रूथ परत येते, आणि सगळं गाव तोंड फिरवतं. कमलची अट एकच होती, तिसरा तास लागल्याशिवाय मालिका लागणार नाही. पहिल्या दिवशी आपांनी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच विचारायला लागल्या, "वो शेरिफ मरा क्या?"

आठ वेळा आपा पुरे चार तास बसल्या. आठव्या भागाच्या शेवटी रूथच्या दारावर थाप पडते. ती दार उघडते, पांढरीफटक पडते, म्हणते, "तुम?" आणि पडदा काळा.

कमलने घरी जाऊन स्वराला नववा भाग लावायला सांगितलं. "कॅन्सल्ड, आई. कोणी बघतच नव्हतं. आता येणार नाही." कमलचं डोकंच फिरलं. अहो, बंद करायची तर करा, पण दारात कोण होतं ते तरी सांगाल की नाही? लोकांचा जीव टांगणीला लावून ही माणसं घरी गेली.

पुढच्या वेळी तिने आपांना खरं सांगितलं. आपा भिंतीकडे तोंड करून पडल्या. दोन तास झाले तसे म्हणाल्या, "अब काय के वास्ते बैठूँ? निकालो."

कमलच्या हातात चिकटपट्टी होती. तिला त्या बाईचे सुजलेले पाय दिसत होते, किडनी द्यायला येणाऱ्या ताहिराचं विमानाचं तिकीट दिसत होतं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आपा, दरवाज़े पे कौन था, मुझे मालूम है."

"तो बोलो."

"चाय पीके आती हूँ."

कसला चहा! मालूम वगैरे काही नव्हतं, साफ थाप होती. पँट्रीत जाऊन तिने कुडाळला फोन लावला. म्हाताऱ्या गणपतना सगळं सांगून म्हणाली, "बाबा, दारात कोण असा ता माकाच ठावक नाय."

म्हातारा खोकत हसला. "आमका तरी खय ठावक असायचा? तू दार उघड. कोणतरी येता."

ती परत गेली, आपांच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिने दार उघडलं. दारात रूथचा बाप होता. गिरणीच्या आगीत मेला म्हणून गावाने ज्याच्या नावाने दगड उभारला होता, तो. आपा उठून बसल्या. शेजारच्या खाटेवरच्या इजिप्तच्या मास्तरांना हिंदी कळत नव्हतं, त्यांना पाच नंबरवाल्याने मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं. चौथा तास कधी संपला कुणाला कळलंही नाही.

मग काय विचारता! टिलरी गावाने बाळसं धरलं. हेड नर्स सिस्टर लिसी सुरुवातीला फणफणली, "कमल, यह थिएटर है क्या?" महिन्याने तिने रजिस्टर पाहिलं. पूर्ण वॉर्डात एकही माणूस वेळेआधी उठलेला नव्हता. तेव्हापासून ती औषधांची ट्रॉली बरोबर गोष्टीच्या वेळी तिथे उभी करायला लागली.

सातव्या आठवड्यात एकदा कमलला काही म्हणता काही सुचेना. आपांचा हात सुयांकडे वळला. राजा वेळेवर आला नाही की वडील दुसऱ्याच कुणाला आत ढकलायचे, ते तिला आठवलं. तिने टिलरीत एक पोस्टमन घुसवला, त्याच्या पिशवीत बारा वर्षं जुनं पत्र. आपांचा हात मागे गेला.

गणपत आता दर शुक्रवारी स्वतः फोन करायचे, "मगे फुडे काय झाला गो?" एकदा त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू रंगलस असतस तर माझ्या पोटावर पाय इलो असतो." कमलने फोन ठेवला आणि ओट्याला टेकून पोटभर रडली. पस्तीस वर्षांचं देणं असं एका वाक्यात फिटलं.

तीन महिने झाले. डॉक्टर शरदनी तपासण्या पाहिल्या आणि सही केली. शेवटच्या दिवशी सगळा वॉर्ड कान टवकारून बसला, आज कळणार गिरणी कुणी जाळली. कमलने तोंड उघडलं तर आपाच ओरडल्या, "नक्को! अब्बी नक्को. वापस आके सुनूँगी. सुने बगैर मरती नहीं मैं."

ऑपरेशनच्या दिवशी कमलने तीन वेळा एकाच माणसाचा रक्तदाब मोजला. संध्याकाळी निरोप आला, दोघी बहिणी ठीक आहेत.

दोन महिन्यांनी, एका सोमवारी, जवेरिया आपा मास्क लावून स्वतःच्या पायांनी वॉर्डाच्या दारात आल्या. पायांची सूज उतरलेली, अंगात नवा कुर्ता. संसर्गाची भीती म्हणून लिसीने त्यांना आत येऊ दिलं नाही, दारातच खुर्ची दिली. आपा बसल्या आणि म्हणाल्या, "हाँ. बोलो अब. किसने जलाया?"

कमल आठ खाटांच्या मधोमध उभी राहिली. काय बोलणार हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं. तिने टिलरीच्या चर्चमध्ये सगळं गाव गोळा केलं, रूथच्या बापाला पुढे आणलं, आणि वडिलांच्याच राजाच्या आवाजात, छाती काढून, ती गरजली, "आग मैंने लगाई थी! और सज़ा बारह साल मेरी बेटी ने काटी!"

मग आपांनी मास्कमागून हुंदका दिला आणि टाळी वाजवली. खाटेवरच्या लोकांना टाळी वाजवता येईना, प्रत्येकाच्या एका हातात सुया. त्यांनी मोकळ्या हाताने खाटांचे लोखंडी गज बडवायला सुरुवात केली. मास्तर सगळ्यात जोरात बडवत होते. आवाज पार लिफ्टपर्यंत गेला.

कमल वाकली आणि वडील नाटक संपल्यावर करायचे तशी तिने खालची जमीन दोन्ही हातांनी शिवली, हात कपाळाला लावले.

"कमल," सिस्टर लिसी डोळे पुसत म्हणाली, "हँडवॉश."